चौथा प्याला

जवानदास खंजीर लपवून जनानखान्यात शिरला. समोर सोळा वर्षांची कृष्णाकुमारी उभी राहिली आणि खंजीर त्याच्या हातून गळून पडला. जवानदास तिच्या वडिलांचा अनौरस भाऊ, म्हणजे तिचा काकाच. राजवाडा उदयपूरचा, साल १८१०. पण तिचं मरण ओढवलं ते जयपूरशी ठरलेल्या सोयरिकीतून.

मेवाडचे महाराणा भीमसिंह यांच्या या लेकीचं वाग्दान आधी जोधपूरच्या राजाशी झालं होतं. तो १८०३ मध्ये वारला, तेव्हा जयपूरच्या जगतसिंहाशी लग्न ठरलं. जोधपूरच्या गादीवर आलेल्या मानसिंहाने आडकाठी घातली: मुलगी गादीला दिलेली, आणि गादी आता माझी! जयपूरने पैसा नाकारल्यामुळे चिडलेले दौलतराव शिंदेही मानसिंहाच्या बाजूने उतरले. त्यांची फौज दाराशी येताच महाराण्यांनी जयपूरच्या मंडळींना वाटेला लावलं.

१८०७ मध्ये परबतसरजवळ जयपूरची सरशी झाली. तेव्हा जयपूरकडून लढलेला पठाण सरदार अमीरखान पुढे पैशासाठी मानसिंहाला मिळाला. उदयपूरला येऊन त्याने बजावलं, मुलगी मानसिंहाला द्या, नाहीतर संपवा.

खंजिराने जमलं नाही, म्हणून विष आलं. तीनदा ते पोटात ठरलं नाही. चौथ्या प्याल्यात अफूचा जहाल कसुंबा होता. आई आकांत करत होती आणि लेकच तिची समजूत घालत होती: मुलीचा जन्म बळी जाण्यासाठीच, बाबांनी इतकी वर्षं जगू दिलं हेच खूप.

असं इंग्रज अधिकारी जेम्स टॉड सांगतो. १८०६ मध्ये तो शिंद्यांच्या छावणीबरोबर उदयपूरला आला होता. पण त्या शेवटच्या क्षणी तो तिथे नव्हता. ऐकलेली हकिगत त्याने १८२९ च्या ग्रंथात छापली.

कृष्णा सोळाची; शेक्सपिअरची ज्युलिएट तर चौदाचीही नाही. मेल्यासारखी झोप आणणाऱ्या औषधाची कुपी हातात घेऊन ती एकटीच बोलते. औषध लागू पडलं नाही तर? पादरीबुवांनी विषच दिलं असेल तर? पूर्वजांच्या हाडांमध्ये अवेळी जाग आली तर? मनसोक्त घाबरून झाल्यावर ती कुपी तोंडाला लावते, आणि तेवढ्या वेळात पोर मोठी झालेली दिसते. कृष्णाला टॉडने असा एकांत दिलाच नाही. त्याच्या कहाणीत ती आधीपासूनच मोठी आहे. हात थरथरतो तो फक्त जवानदासाचा.

मायकेल मधुसूदन दत्तांनी १८६१ मध्ये तिच्यावर बंगाली शोकांतिका लिहिली. तिचा पडदा उघडतो जयपूरच्या राजवाड्यात.

त्या राजवाड्याचा जोधपूरशी समेट कधीच होऊन गेला होता. १८१३ मध्ये जगतसिंहाने मानसिंहाच्या मुलीशी लग्न केलं आणि मानसिंहाने जगतसिंहाच्या बहिणीशी.