आंबेडाळ आणि शेनिन ब्लाँ

नाशिकच्या वाईनचा इतिहास सांगायला बसलं की लोक कारखान्यापासून सुरुवात करतात. मला तो टेस्टिंगच्या टेबलापासून सांगावासा वाटतो. वाईनरीतल्या रेस्टॉरंटांना आणि उन्हाळ्यातल्या घरगुती पार्ट्यांना खाणं पुरवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. ग्लासाशेजारच्या बशीत काय ठेवायचं, यावर आम्ही स्वयंपाकघरात जितका खल केला, तितका क्वचितच कशावर केला असेल.

मागचं थोडक्यात सांगते. 1949च्या मुंबई दारूबंदी कायद्याचा वारसा महाराष्ट्राकडे आला आणि कागदोपत्री आजही प्यायला परवाना लागतो. अशा राज्यात 1980च्या दशकात श्याम चौगुले यांनी नारायणगावला फ्रेंच पद्धतीची फेसाळती वाईन केली. ती परदेशात ‘ओमर खय्याम’ या नावाने विकली गेली. आमच्या निफाड-दिंडोरीच्या बागायतदाराला मात्र द्राक्ष म्हणजे थॉमसन सीडलेस, खायचं नाहीतर बेदाण्याचं. राजीव सामंत यांनी 1997 मध्ये नाशिकजवळ वाईनची द्राक्षं लावली, 2000 मध्ये त्यांच्या ‘सुला’ची पहिली वाईन आली आणि 2001 मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. विंचूर आणि पलूसचे वाईन पार्क त्यातूनच उभे राहिले. 2005 मध्ये ‘सुला’ने टेस्टिंग रूम उघडली आणि वाईन चाखायला म्हणून माणसं गंगापूर धरणाच्या दिशेने यायला लागली.

टेस्टिंगचा रिवाज बाहेरून आलेला. एका वेळी साधारण 50 मिली ओतायची, म्हणजे 750 मिलीच्या बाटलीत पंधरा जणांचं होतं. आधी हलकी पांढरी, मग रोझे, मग लाल, गोड अगदी शेवटी. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरून रंग बघायचा, फिरवून वास घ्यायचा, घोट तोंडात घोळवायचा आणि हवा तर थुंकायचा. पाहुण्यांसमोर थुंकणं आपल्या माणसाला जमत नाही. थुंकायला ठेवलेलं भांडं बहुतेक वेळा कोरडंच परत यायचं. बागायतदार जोडीने यायचे. त्यातले काका वासाबिसाच्या भानगडीत न पडता सरळ विचारायचे, “ताई, तोडताना ब्रिक्स किती होता?” ओतणाऱ्या पोराला उत्तर येत नसे. मला मात्र द्राक्षातल्या साखरेबद्दलचा तोच त्या संध्याकाळचा सर्वांत जाणता प्रश्न वाटायचा.

बशीत तेव्हा चीजचे तुकडे, क्रॅकर आणि ऑलिव्ह असत. मुंबईची मंडळी खूश असायची. आमच्याकडच्या बायका एक ऑलिव्ह चाखून बशी पुढे सरकवायच्या. बाहेरचं पेय, सोबतीला बाहेरचंच खाणं. मग बसणारा स्वतःला परका समजणार नाही तर काय? आम्ही हळूहळू कोथिंबीर वडी ठेवली, सुरळीच्या वड्या ठेवल्या, आणि एका चैत्रात आंबेडाळ.

मराठी घरातली उन्हाळ्यातली खरी पार्टी म्हणजे चैत्रगौरीचं हळदीकुंकू. आंबेडाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, कलिंगडाच्या फोडी. तीच डाळ वाईनसोबत द्यायची म्हटल्यावर मी आधी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “दे, पण गौरीपुढची नको. वेगळी वाट.” मी वेगळी वाटली. हरभऱ्याची डाळ चार तास भिजवून भरड काढलेली, कैरी किसून, वरून हिंग-मोहरीची फोडणी आणि सुकी मिरची. कैरीच्या आंबटपणापुढे मिळमिळीत वाईन टिकत नाही, तिला स्वतःची आंबट धार लागते, म्हणून सोविन्यों ब्लाँ. मिरची जरा चढली की किंचित गोडसर शेनिन ब्लाँ, कारण तो गोडवा तिखट निववतो. तुरट लाल वाईन तिखटाला आणखी पेटवते; ती मटणासाठी राखून ठेवावी, चरबीपुढे तिचा तुरटपणा मऊ होतो. त्या संध्याकाळी डाळीचं पातेलं घासून-पुसून रिकामं झालं.

वेळही जुळून येते. युरोपात द्राक्षं शरदाच्या तोंडावर तोडतात. आपल्याकडे पावसात डाऊनीचा रोग वेल सोडत नाही, म्हणून फळासाठीची गोडी छाटणी पावसाळा सरताना आणि तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये. कैरी बाजारात येते तेव्हा त्याच हंगामाची पांढरी वाईन टाकीत तयार होत असते.

घरच्या उन्हाळी पार्ट्यांनी आम्हाला वेगळंच शिकवलं. लाल वाईन खोलीच्या तापमानाला द्यावी, असं पुस्तकं सांगतात. नाशिकच्या एप्रिलमध्ये खोली पस्तीस अंशांवर असते. तिथे लाल बाटलीही अर्धा तास फ्रिजमध्ये घालावीच लागते. पांढरीसाठी बादलीत बर्फाइतकंच पाणी आणि मूठभर मीठ. नुसत्या बर्फापेक्षा बाटली लवकर गार होते. चाळीस माणसं, दोन-दोन ग्लास, बाटलीमागे पाच ग्लास, म्हणजे सोळा बाटल्या. आणि यजमानाने उत्पादन शुल्क खात्याकडून एक दिवसाचा परवाना काढलेला असल्याशिवाय मी टेम्पो हलवू दिला नाही.

सगळं गोड नव्हतं. 2008च्या मंदीनंतर खप घसरला. माझ्या दिरांच्या बागेतली शिराझ ही वाईनची द्राक्षं करार असूनही एका वाईनरीने उचलली नाहीत, आणि त्यांनी वेली उपटून पुन्हा थॉमसन लावली. जिल्ह्यात असं अनेकांनी केलं. 2022च्या जानेवारीत मोठ्या दुकानांतून वाईन विकायचा निर्णय झाला, तेव्हा विरोधही मोठा झाला. दारूने उद्ध्वस्त झालेली घरं मी पाहिली आहेत. गावातलं दुकान मतदानाने बंद करणाऱ्या बायकांबद्दल मला आदर आहे. तरी टेस्टिंगच्या टेबलावर पन्नास मिली आणि वाटीभर डाळ घेऊन, द्राक्षं कुणाच्या बागेतली हे विचारत बसणं मला त्या दुकानापासून फार लांबचं वाटतं.

या साऱ्याची नोंद उद्योजक आणि सरकारी धोरणं यांच्यापुरती होते आहे. तेव्हा ज्यांनी त्या स्वयंपाकघरांत काम केलं, त्या आचाऱ्यांना, वाढप्यांना, बायकांना माझी विनंती आहे: जुनी मेन्यूकार्डं, दरपत्रकं, बाजाराच्या यादीच्या वह्या रद्दीत घालू नका. त्यावर तारीख आणि गावाचं नाव घाला, आणि जवळच्या सार्वजनिक वाचनालयात नेऊन द्या.