डीएनएने सोडवलेलं गणित आणि तुमची टीबीची तपासणी

समजा, पेडगावच्या आशाताईंना मधली पाच गावं करून परभणीला पोहोचायचंय. प्रत्येक गावी एकदाच जायचं, एकही सोडायचं नाही. त्यात काही ठिकाणी एसटी जाताना मिळते, येताना नाही. असा मार्ग निघेल का? पाच गावांचं कागदावर जमतं. गावं वाढली की शक्यता इतक्या वाढतात की संगणकही थकतो.

१९९४ साली अमेरिकेतल्या लिओनार्ड एडलमन यांनी अगदी असंच सात ठिकाणांचं कोडं परीक्षानळीत सोडवलं. हे मूळचे गणितज्ञ. जीवशास्त्राकडे वळले ते एड्समुळे. या आजारात सीडी-४ पेशी का कमी होतात, हे त्यांना शोधायचं होतं. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की डीएनए ही चार अक्षरांची लिपीच आहे, आणि तिच्यात 'ए'ची जोडी 'टी'शी, 'सी'ची 'जी'शी ठरलेली आहे.

त्यांनी प्रत्येक ठिकाणासाठी २० अक्षरांचा तुकडा बनवला. रस्त्याचा तुकडा असा, की त्याचं एक टोक एका ठिकाणाला चिकटेल, दुसरं पुढच्या. सगळं नळीत मिसळताच तुकडे जुळून असंख्य मार्ग आपोआप तयार झाले. अर्थात चुकीचेही! मग चाळणी लावली. सुरुवात आणि शेवट बरोबर असलेले मार्ग पीसीआरने वाढवले, त्यांतले नेमके १४० अक्षरांचे वेगळे काढले, आणि त्यांत सातही ठिकाणं आहेत का हे एकेक करून तपासलं. उरलं ते उत्तर. या चाळणीलाच सात दिवस लागले.

पुढे कुणीतरी हिशेब केला: २०० ठिकाणांसाठी याच पद्धतीने लागणारा डीएनए पृथ्वीपेक्षा जड भरेल! २००९ मध्ये अमेरिकन विद्यार्थ्यांनी ई. कोलाय जीवाणूंकडून तीन ठिकाणांचं कोडं सोडवून घेतलं. बरोबर उत्तराचे जीवाणू पिवळे चमकले. कोलकात्याच्या साहा इन्स्टिट्यूटमध्येही जीवाणूंकडून गणितं करून घेतली आहेत. पण हे सारं अजून प्रयोगशाळेतच. 'डीएनए संगणकाने उपचार' अशी जाहिरात दिसली तर पैसे देऊ नका.

तुमच्यापर्यंत पोहोचलंय ते त्या चाळणीतलं पीसीआर. कोरोनात नाकातला स्वॅब त्यासाठीच घेत. गोव्याच्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट यंत्र बॅटरीवर चालतं आणि थुंकीत टीबीच्या जंतूचा डीएनए शोधतं. रिफाम्पिसिन हे औषध त्या जंतूवर चालेल का, तेही कळतं. पण जंतू जिवंत की मेलेला, हे जोडी जुळवणाऱ्या तुकड्याला कळत नाही. त्यामुळे उपचार पूर्ण झाल्यावरही काही काळ तपासणी पॉझिटिव्ह येऊ शकते. पूर्वी टीबी होऊन गेला असेल, तर थुंकी देण्याआधीच डॉक्टरांना तसं सांगा.