सातव्या महिन्यातलं इंजेक्शन

आमच्या बेळगाव-निपाणीकडच्या जुन्या बायका म्हणायच्या, सातव्या महिन्यातलं लेकरू जगतं, आठव्यातलं जगत नाही. खरं तर पोटात जितके दिवस जास्त, तितकं लेकरू बळकट. दिवस न भरता आलेल्याचं अडतं ते श्वासाशी, कारण फुप्फुसं तयार नसतात. त्यासाठी आईला टोचतात ते इंजेक्शन स्टेरॉइडचं. त्याच्या इतिहासात बेळगावचंही एक पान आहे.

अमेरिकेतले डॉ. फिलिप हेंच यांनी पाहिलं होतं, की संधिवाताने जखडलेल्या बाईला दिवस गेले की दुखणं उतरतं. म्हणजे औषध शरीरातच कुठेतरी बनत असणार. १९४८ मध्ये त्यांनी अशाच एका बाईला कॉर्टिझोन टोचलं आणि थोड्याच दिवसांत ती चालू लागली. १९५० मध्ये या कामाला नोबेल मिळालं.

आपल्या मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी याच जातीचा रस रोज करतात. औषध पेशीत शिरतं आणि सूज पेटवणारे निरोप तिथेच थांबवतं. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही मग धावून येत नाहीत. म्हणून दमा निवतो, सांधे मोकळे होतात. पण राखणदारच झोपवला तर चोराला रान मोकळं, तसा जंतुसंसर्गही बळावू शकतो.

हेच औषध पोटातल्या बाळाची फुप्फुसं लवकर तयार करतं, हे न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ मध्ये दाखवलं. मग प्रश्न आला, खेड्यापाड्यांतही ते सरसकट द्यावं का? २०११ पासून सहा देशांत जवळजवळ एक लाख बाळंतपणांवर हे तपासलं गेलं. त्यात बेळगाव आणि नागपूर होतं. २०१५ मध्ये निकाल आला तो उलटाच. लहानखुऱ्या बाळांना फायदा दिसला नाही, आणि एकूण बाळांत हजारामागे साडेतीन मृत्यू जास्त झाले. आयांमध्ये संसर्गाची शंकाही वाढली. ज्यांना इंजेक्शन दिलं, त्यातल्या बहुतेकींची बाळं तर लहानखुरी नव्हतीच.

औषध वाईट होतं का? नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या २९ इस्पितळांत पुन्हा पाहिलं. त्यातही बेळगाव होतं. या वेळी सोनोग्राफीने दिवस मोजले, आईला संसर्ग नाही ना ते बघितलं, बाळाला सांभाळायची सोय ठेवली. २०२० मध्ये कळलं, औषध न दिलेल्यांत शंभरातली साडेतेवीस बाळं गेली, दिलेल्यांत साडेएकोणीस. आयांचा संसर्ग वाढला नाही.

म्हणून बायांनो, लेकी-सुनेच्या पाळीची तारीख लिहून ठेवा. पहिली सोनोग्राफी वेळेवर करून घ्या. कळा लवकर आल्या तर मोठ्या इस्पितळात न्या, आणि अंगात ताप असेल तर तो डॉक्टरांना आधी सांगा.