याकिसोबा, घरगुती

याकिसोबा : गव्हाच्या नूडल्स, कोबी आणि मांस तापलेल्या लोखंडी पत्र्यावर परतून वूस्टर जातीच्या आंबट-गोड सॉसमध्ये घोळवलेला जपानी पदार्थ. नावात ‘सोबा’ (म्हणजे कुट्टू) असला तरी त्यात कुट्टूचे पीठ नसते. जपानात तो जत्रांतील गाड्यांवर मिळतो, तसाच घरोघरही होतो. प्रस्तुत नोंद घरगुती कृतीपुरती आहे. साहित्याचा विचार बेळगाव, खानापूर व निपाणी या सीमाभागातील स्वयंपाकघर समोर ठेवून केला आहे.

इतिहास : उगमाविषयी एकमत नाही. सॉस घातलेला याकिसोबा दुसऱ्या महायुद्धापूर्वी टोकियोच्या आसाकुसा भागात होत असे, असे काही अभ्यासक मानतात. त्याचा मोठा प्रसार मात्र युद्धानंतर, अमेरिकन गव्हाच्या आयातीच्या काळात झाला. निस्सिन कंपनीने १९६३ मध्ये झटपट याकिसोबा बाजारात आणला. तोयो सुइसान कंपनीने १९७५ मध्ये वाफवलेल्या ताज्या नूडल्सच्या तीन गुंडाळ्या व सॉसची पूड एकत्र विकण्यास सुरुवात केली. जपानी घरांतील आजचा याकिसोबा बहुतांशी अशा पाकिटांचाच असतो.

पीठ व क्षार : या पदार्थाचा निकाल सॉसवर नव्हे, पिठातील क्षारावर लागतो. पाककृतींच्या पुस्तकांत याकडे सहसा दुर्लक्ष होते, म्हणून येथे थोडा विस्तार केला आहे. याकिसोबाच्या नूडल्समध्ये ‘कान्सुई’ घालतात. हे मुख्यतः सोडियम कार्बोनेट व पोटॅशियम कार्बोनेट यांचे मिश्रण असून त्याचे प्रमाण पिठाच्या सुमारे १ टक्का असते. क्षारामुळे पिठातील ग्लुटेन घट्ट होते, नूडल्स चिवट होतात आणि परतताना तुटत नाहीत. सोडा पडला की हळद तांबडी होते. तसाच मैद्यातील मुळात रंगहीन असलेला फ्लाव्होन वर्गाचा घटक क्षाराने पिवळा होतो. नूडल्सचा पिवळेपणा अंड्याचा असतो हा समज त्यामुळे बहुधा चुकीचा ठरतो.

कान्सुईचा सर्वांत जवळचा देशी नातलग म्हणजे पापडखार. परंतु बाजारी पापडखाराचे घटक सर्वत्र सारखे नसतात. काहींत खाण्याच्या सोड्याचाच भाग अधिक असतो. त्यापेक्षा खाण्याचा सोडा पसरट ताटलीत घालून ओव्हनमध्ये सुमारे १२० ते १३० अंश सेल्सियसला तासभर भाजावा. त्यातील पाणी व कार्बन डायऑक्साइड निघून जातात, सोडियम कार्बोनेट उरते आणि वजन एकतृतीयांशाहून थोडे अधिक घटते. वजन करून पाहणे हीच भाजणी पुरी झाल्याची खूण. ही पूड त्वचेला झोंबते, म्हणून कोरड्या चमच्याने हाताळावी. धुण्याचा सोडा रसायन म्हणून तोच असला तरी खाण्यासाठी शुद्ध केलेला नसतो. तो वापरू नये.

दोघांसाठी मैदा २०० ग्रॅम, पाणी ८० मिलिलिटर, भाजलेला सोडा २ ग्रॅम व मीठ २ ग्रॅम. सोडा व मीठ आधी पाण्यात विरघळवून घ्यावे. पीठ पुरीच्या पिठाहूनही घट्ट होते व सुरुवातीला भुगाच वाटतो. पाणी वाढवू नये. तासभर झाकून ठेवल्यावर ते मळता येते. लाटून, कॉर्नफ्लोअर भुरभुरून सुरीने बारीक कापावे. सोऱ्यातून पाडलेल्या नूडल्स आखूड राहतात. भरपूर उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटे शिजवून गार पाण्याने धुवाव्या, पुरत्या निथळाव्या आणि तेलाचा हात लावावा.

सॉस : वूस्टर सॉस मूळचा इंग्लंडमधील वूस्टर गावचा, ली अँड पेरिन्स यांनी तो १८३७ मध्ये विक्रीस आणला. बंगालमधून परतलेल्या एका लॉर्डने त्याची कृती आणली, ही आख्यायिका इतिहासकार मानत नाहीत. चिंच मात्र त्यात खरोखरच असते. मूळ कृतीत अँचोव्ही मासळीही असल्याने शाकाहाऱ्यांनी बाटलीवरील घटक वाचावेत. घरी वूस्टर सॉस २ मोठे चमचे, टोमॅटो केचप १ मोठा चमचा, सोया सॉस १ लहान चमचा व साखर अर्धा लहान चमचा एकत्र करावे. चिंच-गुळाने वूस्टर सॉसची उणीव बऱ्यापैकी भरून निघते.

कृती : बिडाचा तवा किंवा लोखंडी कढई धूर येईतो तापवावी. नूडल्स आधी एकट्याच पसरून, न हलवता, एका बाजूने खरपूस करून काढून ठेवाव्या. मग मांस (जपानात बहुधा डुकराचे, कोंबडीही चालते), कांदा, गाजर व जाड चिरलेला कोबी मोठ्या आचेवर परतावा. नूडल्स परत घालून सॉस कडेने सोडावा म्हणजे तो तव्यावरच जळून सुवास देतो. एका वेळी दोघांपुरतेच करावे. तवा भरला की पदार्थ परतला न जाता वाफवला जातो.

प्रादेशिक प्रकार : शिझुओका प्रांतातील फुजिनोमियाच्या याकिसोबावर सार्डीन माशाची पूड भुरभुरतात, २००६ मध्ये हाचिनोहे येथे झालेल्या पहिल्या ‘बी-वन ग्रां प्री’ या स्थानिक खाद्यपदार्थांच्या स्पर्धेत तो पहिला आला. आकिता प्रांतातील योकोतेचा प्रकार वर अर्धकच्चे अंडे घालून देतात. त्याच स्पर्धेचा २०११ चा विजेता हिरुझेन याकिसोबा मिसोच्या सॉसचा असून त्यात पुऱ्या वाढलेल्या कोंबडीचे चिवट मांस लागते. गावठी कोंबडी त्याला योग्य. हिरुझेन ओकायामा प्रांतात आहे. 

सीमाभागातील साहित्य : बेळगाव परिसरातील भाजीपाला गोव्यापर्यंत जातो, त्यामुळे कोबी-गाजराची अडचण नाही. अडचण असते ती पावसाची. उदाहरणार्थ, गुंजी हे बेळगावहून गोव्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील खानापूर व लोंढा यांच्यामधले गाव. भाताचा व मुसळधार पावसाचा हा मुलूख. येथे पावसाळ्यात नूडल्स वाळवून ठेवण्याच्या फंदात पडू नये, लागतील तेवढ्या ताज्या कराव्यात. शेवयांचे वाळवण उन्हाळ्यात उरकतात ते याच कारणाने. खपली किंवा बन्सी गव्हाच्या शेवया उत्तम असल्या तरी याकिसोबाला उपयोगी नाहीत : त्या बारीक व क्षाररहित असल्याने भिजल्यावर परतताना तुटतात. उपम्यासाठी त्या आधी भाजून मग शिजवतात, याकिसोबात क्रम नेमका उलटा. सार्डीनच्या पुडीऐवजी किनाऱ्यावरून येणारी सुकी तारली भाजून कुटावी. याकिसोबासोबत देतात त्या मुरवलेल्या लाल आल्याऐवजी लिंबात मुरवलेले आले चालते. वर भुरभुरायच्या आओनोरी या समुद्री शेवाळाला पर्याय नाही.

पोषण : पिष्ट व मीठ अधिक.

रंग : रस्त्यावरील गाड्यांच्या चायनीज नूडल्सना असतो तसा लाल रंग याकिसोबाला नसतो. कर्नाटक शासनाने मार्च २०२४ मध्ये अशाच गाड्यांवर मिळणाऱ्या गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग वापरण्यास बंदी घातली. याकिसोबाची पिवळी छटा क्षाराची व तपकिरी छटा सॉसची असल्याने त्यात कोणताही रंग घालावा लागत नाही.