भिंगाकार दीर्घिका : चकती शाबूत, ताऱ्यांची निर्मिती थंडावलेली

दीर्घिकांचे त्यांच्या आकारावरून सर्पिल आणि लंबवर्तुळाकार असे दोन मोठे गट केले जातात. या दोहोंच्या मधला प्रकार म्हणजे भिंगाकार दीर्घिका. बाजूने पाहिल्यास ती मध्यभागी फुगीर व कडांकडे निमुळती, म्हणजे बहिर्वक्र भिंगासारखी किंवा मसुराच्या दाण्यासारखी दिसते. भिंगासाठी वापरला जाणारा 'लेन्स' हा शब्दही मसुराच्या लॅटिन नावावरूनच आला आहे.

अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांनी १९२६ मध्ये दीर्घिकांचे वर्गीकरण मांडले. १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी लंबवर्तुळाकार दीर्घिकांची शाखा जेथे सर्पिल दीर्घिकांच्या दोन शाखांना मिळते, तेथे 'एस-शून्य' हा वर्ग ठेवला. त्या वेळी हा वर्ग बराचसा काल्पनिक होता. पुढे अशा दीर्घिका मोठ्या संख्येने आढळल्या.

रचना

भिंगाकार दीर्घिकेचे दोन प्रमुख घटक असतात. केंद्राभोवती वृद्ध ताऱ्यांचा फुगवटा आणि त्याभोवती ताऱ्यांची चपटी, फिरणारी चकती. सर्पिल दीर्घिकेतही हे दोन्ही घटक असतात. मात्र भिंगाकार दीर्घिकेच्या चकतीत सर्पिल बाहू दिसत नाहीत. बाहू उठून दिसतात ते तेथील वायूच्या ढगांतून नव्याने जन्मलेल्या तेजस्वी निळ्या ताऱ्यांमुळे. या ताऱ्यांचे आयुष्य अल्प असते. वायू संपला, की निळे तारे काही कोटी वर्षांत विझतात आणि दीर्घायुषी पिवळे-तांबूस तारे तेवढे उरतात. त्यामुळे चकती शाबूत राहूनही एकसारखी, फिकट दिसते. काही भिंगाकार दीर्घिकांत केंद्रातून जाणारा ताऱ्यांचा दांडा, तर काहींत धुळीचे कडे आढळते.

एनजीसी ३११५

या प्रकाराचे ठळक उदाहरण म्हणजे सिंह राशीच्या दक्षिणेस, षडंश तारकासमूहातील एनजीसी ३११५. विल्यम हर्शेल यांनी १७८७ मध्ये तिचा शोध लावला. सुमारे ३ कोटी २० लाख प्रकाशवर्षे दूर असलेली ही दीर्घिका आपल्याला जवळजवळ कडेवरून दिसते. चरख्याच्या चातीसारख्या आकारामुळे इंग्रजीत तिला त्याच अर्थाचे टोपणनाव मिळाले आहे. तिच्यात वायू व धूळ अत्यल्प असून बहुसंख्य तारे वृद्ध आहेत.

जॉन कॉर्मेंडी व डग्लस रिचस्टोन यांनी १९९२ मध्ये तिच्या केंद्राजवळील ताऱ्यांचे वेग मोजून तेथे महाकाय कृष्णविवर असल्याचे अनुमान काढले. त्याचे वस्तुमान सूर्याच्या शंभर ते दोनशे कोटी पट असावे, असा अंदाज आहे. आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातील कृष्णविवर याच मापाने सुमारे ४० लाख सूर्यांइतके भरते. या कृष्णविवराकडे ओढल्या जाणाऱ्या उष्ण वायूचे चित्र चंद्रा क्ष-किरण वेधशाळेच्या निरीक्षणांतून २०११ मध्ये पुढे आले.

वायू गेला कोठे?

दीर्घिकांच्या दाट समूहांत भिंगाकार दीर्घिकांचे प्रमाण जास्त असते, हे ॲलन ड्रेसलर यांनी १९८० मध्ये ५५ समूहांच्या अभ्यासातून दाखवले. अशा समूहांतील मोकळी जागा विरळ पण अतिउष्ण वायूने भरलेली असते. तीतून वेगाने जाणाऱ्या दीर्घिकेतील वायू त्या दाबाने मागे ओढला जातो, ही कल्पना जेम्स गन व रिचर्ड गॉट यांनी १९७२ मध्येच मांडली होती. हबल दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून १९९७ मध्ये या विचाराला बळ मिळाले. अब्जावधी वर्षांपूर्वीच्या समूहांत सर्पिल दीर्घिका अधिक आणि भिंगाकार कमी होत्या, असे त्यांत दिसले.

मात्र एनजीसी ३११५ अशा दाट समूहात नाही. तेथे हे कारण पुरेसे ठरत नाही. बाहेरून होणारा वायूचा पुरवठा थांबणे, असलेला वायू ताऱ्यांच्या निर्मितीत खर्च होणे आणि लहान दीर्घिका सामावून घेताना रचना बदलणे, अशी अन्य कारणे संशोधक विचारात घेतात. भिंगाकार दीर्घिका एकाच मार्गाने तयार होतात असे म्हणता येत नाही, ते यामुळेच.

सीमारेषा पुसट

या वर्गाची सीमाही अलीकडे बदलली आहे. २६० जवळच्या दीर्घिकांतील ताऱ्यांच्या गती मोजणाऱ्या 'ॲटलास-थ्रीडी' या प्रकल्पाचे निष्कर्ष २०११ पासून प्रसिद्ध झाले. केवळ आकारावरून लंबवर्तुळाकार ठरवलेल्या बहुतांश दीर्घिकाही भिंगाकार दीर्घिकांप्रमाणेच सुव्यवस्थित फिरतात, असे त्यांतून दिसले. आपल्या दिशेने सपाट बाजू असलेली चकती गोलच दिसत असल्याने केवळ छायाचित्रावरून केलेली ओळख फसवी ठरू शकते.

आपली आकाशगंगा दरवर्षी साधारण एक-दोन सूर्यांइतक्या वस्तुमानाचे नवे तारे घडवते. हा क्रम तिच्यातील वायूवर आणि बाहेरून येणाऱ्या वायूवर अवलंबून आहे. तो आटला, की सर्पिल दीर्घिकेचे काय होते, याचे उत्तर भिंगाकार दीर्घिकांच्या अभ्यासातून मिळते.