बुजरेपणा, कार्यक्षेत्रातील

नोकरीत, व्यवसायात किंवा सार्वजनिक कामात चारचौघांसमोर बोलताना वाटणारा संकोच आणि त्यापायी बोलणेच टाळण्याची लागलेली सवय. बैठकीत सुचलेला मुद्दा मनातच ठेवणे, साहेबांच्या केबिनपर्यंत जाऊन परत फिरणे, पगारवाढीचे बोलणे पुढच्या वर्षावर ढकलणे, ही त्याची नेहमीची रूपे. यांतला संकोच फारसे नुकसान करत नाही. नुकसान करते ते टाळणे. म्हणून उपायही टाळण्यावरच करावा लागतो.

अंतर्मुखता आणि बुजरेपणा यांची नेहमी गल्लत होते. अंतर्मुख माणसाला एकांत आवडतो; बुजऱ्याला चौघांत मिसळायचे असते, पण पाऊल पुढे पडत नाही. महाराष्ट्रात आणखी एक गल्लत होते. तालुक्याच्या गावी मराठी माध्यमात शिकून पुण्याच्या आयटी कंपनीत लागलेला तरुण इंग्रजी मीटिंगमध्ये गप्प बसतो, आणि तोच गणेश मंडळाच्या सभेत माईक सोडत नाही. त्याची अडचण भाषेची आहे. त्याला व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गाला धाडण्यात पैसा आणि वेळ दोन्ही वाया जातात. बुजरेपणा दुर्मीळ मात्र नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील फिलिप झिंबार्डो यांनी १९७०च्या दशकात केलेल्या पाहणीत सुमारे ४० टक्के लोकांनी आपण बुजरे असल्याचे सांगितले होते.

या विषयातले सर्वांत बोलके उदाहरण मोहनदास गांधी यांचे आहे, आणि ते त्यांनी आत्मकथेत स्वतःच लिहून ठेवले आहे. लंडनच्या शाकाहारी मंडळात एकदा आपले म्हणणे त्यांनी कागदावर लिहून नेले, पण ते दुसऱ्यालाच वाचावे लागले. १८९१ मध्ये बॅरिस्टर होऊन परतल्यावर मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात त्यांना ममीबाई नावाच्या बाईंचा पहिला खटला मिळाला. फी ३० रुपये. उलटतपासणीला उभे राहिले, डोके गरगरले, प्रश्न सुचेना; ते खाली बसले आणि फी परत केली. हा दावा पुढे पटेल नावाच्या वकिलाने ५१ रुपयांत चालवला. यानंतर गांधी राजकोटला जाऊन अर्ज लिहिण्याचे काम करू लागले.

१८९३ मध्ये दादा अब्दुल्ला यांच्या पेढीच्या दाव्यासाठी ते दक्षिण आफ्रिकेत गेले. दावा हिशेबाचा होता, म्हणून त्यांनी आधी जमाखर्चाची पद्धत शिकून घेतली. प्रिटोरियात हिंदी व्यापाऱ्यांची सभा बोलावून त्यांनी व्यापारातील सचोटीवर भाषण केले. आयुष्यातले हेच आपले पहिले जाहीर भाषण, असे ते सांगतात. तेथे त्यांची जीभ अडखळली नाही, कारण विषयाची तयारी होती आणि लोकांना सांगण्याजोगे काही हाती होते. तरीही १८९६ मध्ये भारतात आल्यावर मुंबईच्या सभेत, काँग्रेसचे नेते फिरोजशहा मेहतांसमोर, लिहून आणलेले भाषण वाचताना त्यांचा आवाज बसला. जुने मित्र केशवराव देशपांडे मदतीला आले, पण श्रोत्यांनी दिनशा वाच्छांच्या नावाचा गजर केला आणि अखेर वाच्छांनी ते वाचून दाखवले. एकदा जमले म्हणजे कायमचे जमले, असे या बाबतीत होत नाही. कार्यशाळांच्या जाहिराती हे सांगत नाहीत.

बुजरेपणा टिकतो तो सुटकेच्या समाधानावर. बोलणे टाळले की लगेच हायसे वाटते, आणि पुढच्या वेळी टाळणे आणखी सोपे होते. शिवाय लक्ष समोरच्या कामावर न राहता स्वतःच्या थरथरत्या हातावर खिळते. आपण जगाच्या नजरेत आहोत हा समज बराचसा खोटा असतो. टॉमस गिलोविच व सहकाऱ्यांच्या २००० मधील प्रयोगात विद्यार्थ्यांना ओशाळवाणा टी-शर्ट घालून खोलीत पाठवले. निम्म्या लोकांनी तो पाहिला असेल असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात पाव लोकांनीच पाहिला. पुढे सॅवित्स्की आणि गिलोविच यांनी दाखवले की मनातली घबराट आपल्याला वाटते तितकी श्रोत्यांना दिसत नाही, एवढे वक्त्याला आधी सांगितले तरी भाषण सुधारते.

प्रत्यक्ष उपाय साधे आणि कंटाळवाणे आहेत. सोप्या प्रसंगापासून सुरुवात करून पायरीपायरीने अवघड प्रसंगाला सामोरे जाणे, हा त्यांचा गाभा. बैठकीच्या पहिल्या काही मिनिटांतच एखादा प्रश्न विचारावा. वेळ जातो तसा तोंड उघडण्याचा भार वाढतो. सुरुवातीची दोन वाक्ये पाठ असावीत, सगळे भाषण नव्हे. स्लाइडवरचे शब्द वाचत राहणे, कोपऱ्यातली खुर्ची पकडणे, वाक्य मनात घोळवत विषय संपेपर्यंत थांबणे या पळवाटा एकेक करून सोडाव्यात. सरावाच्या संस्थाही जुन्या आहेत. डेल कार्नेगी यांनी १९१२ मध्ये न्यूयॉर्कच्या वायएमसीएत वक्तृत्वाचे वर्ग सुरू केले. राल्फ स्मेडली यांनी १९२४ मध्ये कॅलिफोर्नियात सांता आना येथे टोस्टमास्टर्सचा पाया घातला. मुंबई-पुण्यातही आज टोस्टमास्टर्सचे क्लब आहेत.

सगळा भार बुजऱ्यावर टाकणे मात्र अन्यायाचे आहे. आपल्या कार्यालयांत वरिष्ठांपुढे गप्प राहणे हाच शिष्टाचार मानला जातो आणि मग 'कोणी काही सुचवतच नाही' अशी तक्रारही वरिष्ठच करतात. भारतीय सैन्याच्या कोर्ट मार्शलमध्ये मत सर्वांत कनिष्ठ सदस्यापासून घेतले जाते, म्हणजे वरिष्ठाच्या मताचे दडपण पडत नाही. ही रीत कोणत्याही कंपनीला बिनखर्चात उचलता येईल. बैठकीचे विषय आदल्या दिवशी कळवणे आणि लेखी सूचनाही विचारात घेणे, एवढ्यानेही बराच फरक पडतो.

भीतीपायी कामावर जाणेच नकोसे झाले, बढती नाकारावीशी वाटली किंवा असे महिनोन्‌महिने चालले, तर तो सामाजिक चिंताविकार असू शकतो. त्यावर बोधनिक वर्तनोपचार गुणकारी ठरतात. छातीची धडधड कमी करणारी प्रोप्रॅनोलॉलसारखी औषधे मित्राच्या सांगण्यावरून घेऊ नयेत. दमेकऱ्यांना ती घातक ठरू शकतात. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून मोफत सल्ला मिळतो.