दस्तक आणि चेहरा

परदेशगमनास निघालेल्या मनुष्याच्या हातांत जी छोटीशी पुस्तिका असते, ती बव्हंशीं पहिल्या महायुद्धाची देणगी होय. इ. स. १९१४ पूर्वीं युरोपांतील बहुतेक देशांत पारपत्रावांचून प्रवास होत असे. युद्धानें सरहद्दी बंद केल्या, आणि तह झाल्यावरहि त्या पूर्ववत् उघडल्या नाहींत. १९२० सालीं पॅरिस येथें भरलेल्या परिषदेनें पारपत्राचा सामान्य नमुना ठरविला, व त्याच वर्षीं हिंदुस्थानांत येणारांसाठीं पारपत्राचा कायदा झाला. यावरून ही सर्व पद्धति आपणांकडे विलायतेंतून आली असा समज होणें साहजिक आहे. परंतु तो यथार्थ नाहीं. दस्तक, राहदारी, चौकीवरील झडती हे शब्द मराठी दफ्तरांत फार जुने आहेत. त्या पद्धतीचें बळ आणि तिची उणीव हीं दोन्हीं आपल्या इतिहासांत पुरतीं दिसून आलीं आहेत.

आग्ऱ्याचा प्रसंग सर्वश्रुत आहे. १६६६ सालच्या मे महिन्यांत शिवाजी महाराज बादशाहाच्या दरबारीं गेले, आणि थोडक्याच दिवसांत त्यांच्या निवासाभोंवतीं कोतवाल फुलादखानाच्या चौक्या बसल्या. त्या वर्षाच्या ऑगस्टांत महाराज निसटले. पेटाऱ्यांची कथा प्रत्येकाच्या तोंडीं आहे. पण तिच्याआधींची एक गोष्ट तितकीशी ध्यानांत घेतली जात नाहीं. महाराजांनीं आपल्या बरोबरच्या लोकांस दक्षिणेंत परत पाठविण्यासाठीं दस्तकें मागितलीं, आणि बादशाहानें तीं खुशीनें दिलीं. कैद्याचें बळ कमी होतें, एवढेंच त्याला दिसलें. दस्तकें खरीं होतीं, शिक्के खरे होते, नांवेंहि खरींच होतीं. आणि त्या खऱ्या कागदांनींच पलायनाची वाट मोकळी केली. पेटारेहि प्रथम उघडून पाहिले जात. रोजच्या सरावानें पहारेकरी शिथिल झाले तेव्हां ते तसेच जाऊं लागले, असें सांगतात. झडतीचा नियम कायम होता. झडती घेणाराची नजर मात्र थकली होती. मागाहून शिक्षा झाली ती रामसिंगाला. त्याचा दरबार बंद झाला, मनसब गेली.

दुसरा प्रसंग आमच्या कोल्हापुराच्या अंगणांतला आहे. १६८९ च्या मार्चांत संभाजी महाराजांचा वध झाल्यावर राजाराम महाराज रायगडाहून निघून पन्हाळ्यास आले, आणि सप्टेंबरअखेर तेथून गुप्तपणें जिंजीच्या वाटेस लागले. प्रल्हाद निराजी, खंडो बल्लाळ प्रभृति मंडळी बरोबर होती. सर्वांचा वेष लिंगायत यात्रेकरूंचा होता. बंगळूरच्या मुक्कामीं एक सेवक महाराजांचे पाय धूं लागला, आणि भोंवतालच्या लोकांना संशय आला: यात्रेकरूंत असा कोण थोर, ज्याची एवढी सेवा चालावी? बातमी तेथील अंमलदाराकडे गेली. महाराज दुसऱ्या वाटेनें पुढें निघाले. खंडो बल्लाळ व कांहीं सोबती मागें राहून पकडले गेले. त्यांस मारहाण झाली, छळ झाला. तरी आम्ही रामेश्वराचे यात्रेकरू, याखेरीज दुसरें अक्षर त्यांनीं उच्चारलें नाहीं. अखेर ते खरोखरीच यात्रेकरू असावेत असें ठरून सुटले. ही हकीकत सांगणारा बखरकार मल्हार रामराव चिटणीस हा खंडो बल्लाळांचाच वंशज, तेव्हां घरच्या साक्षीला जी सूट द्यावयाची ती द्यावी. परंतु राजाराम महाराज नोव्हेंबरच्या आरंभीं जिंजीस पोंचले, हें निर्विवाद आहे.

या कथेंत आपण खंडो बल्लाळांचें धैर्य पाहतों, आणि तें योग्यच आहे. पण क्षणभर त्या अंमलदाराच्या जागीं उभें राहून पाहावें. त्याच्यापुढें जें उत्तर आलें, तेंच उत्तर खऱ्या यात्रेकरूनेंहि दिलें असतें. त्या रात्रीं खरेच लिंगायत सांपडले असते, तर त्यांनाहि तोच मार बसता, आणि त्यांच्याजवळहि दुसरा पुरावा नसता. ज्याची छाती निधडी तो खोटें सांगूनहि सुटला. ज्याची तशी नसती तो खरें सांगूनहि कदाचित् अडकता. म्हणजे त्या परीक्षेनें सोसण्याची शक्ति मोजली, सत्य मोजलें नाहीं.

आज १९६७ चा पारपत्र कायदा आहे. कोल्हापूरच्या अर्जदाराचें काम पुण्याच्या विभागीय कार्यालयाच्या कक्षेंत येतें, आणि त्याची चौकशी करावयास त्याच्याच ठाण्याचे पोलीस येतात. बोटांचे ठसे व चेहरा यंत्र ताडून पाहतें. या साधनांनीं तोतयाचें काम पुष्कळ अवघड केलें आहे, हें नाकारणें अन्यायाचें होईल. परंतु यंत्र सांगतें तें इतकेंच कीं, हा मनुष्य या पुस्तिकेचा धनी आहे. त्याच्या मनांत काय आहे, हें आग्ऱ्याच्या दस्तकानेंहि सांगितलें नव्हतें. तें जाणण्याचा भार आजहि चौकीवरच्या मनुष्यावरच पडतो, आणि तो चुकला म्हणजे त्याचा दंड बहुधा ज्याच्यापाशीं लपविण्याजोगें कांहींच नसतें अशा गरीब वाटसरूला भरावा लागतो. चौकी असावी, कडकहि असावी. पण तेथें बसणारानें बंगळूरची ती रात्र विसरूं नये. आपल्यापुढें राजा उभा असेल, ही शंका त्यानें अवश्य बाळगावी. आणि हा खरोखरच रामेश्वरास निघालेला असेल, हीहि.